रिकामी फळी

रेंजवर वहिनींना कुणी नावाने हाक मारत नसे. वास्तविक त्या एकाच माणसाच्या वहिनी होत्या, खंदकातल्या मुकादमाच्या. पण हा दीर दिवसभर "वहिनी, खळ झाली का", "वहिनी, कागद संपले" असा पुकारा करत असायचा. ते ऐकून ऐकून टार्गेटं रंगवणारा पेंटर, ट्रॅक्टरवाला, चौकीवरचे जवान आणि शेवटी खुद्द रेंजसाहेबही त्यांना वहिनी म्हणायला लागले. साहेबांची बायको एकदा हसून म्हणाली होती, "म्हणजे या माझ्या जाऊबाई झाल्या. मला आधी कुणी सांगितलं कसं नाही?"

रेंज म्हणजे गोळीबार शिकण्याचं मोकळं मैदान. एका टोकाला शेड, तिथे जवान पालथे झोपून नेम धरतात. दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध, आणि बांधाच्या अलीकडे खोल खंदक. खंदकात उभी असलेली माणसं दोरीने टार्गेट वर चढवतात, गोळ्या झाल्या की खाली ओढतात आणि लांब काठीने दाखवतात, कुठली गोळी कुठे लागली ते. गोळी डोक्यावरून जाते, माणूस खाली सुरक्षित असतो. ऐकायला भीती वाटते, पण तिथे काम करणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. विहिरीवर धुणं धुणारीला पाण्याचं वाटतं तेवढंच.

वहिनींचं काम शेडला लागून असलेल्या खोलीत. पीठ भिजवायचं, त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं म्हणजे कीड लागत नाही, मंद आचेवर गुठळी न होऊ देता खळ शिजवायची, आणि चाळणी झालेल्या टार्गेटांवर कागदाचे तुकडे चिकटवून ती पुन्हा उभी करण्याजोगी करायची. त्यांचे यजमान त्याच खंदकाचे मुकादम होते. आजारपणात गेले. त्यांच्या जागी वहिनींना हे काम मिळालं आणि मुकादमी धाकट्या भावाकडे, म्हणजे भाऊजींकडे आली.

यजमानांची एक रीत मागे राहिली होती. खंदकात बारा महिने चिखल, त्यामुळे खाली उतरणारा प्रत्येक जण सरकारी गमबूट घालायचा आणि आपल्या चपला-बूट शेडच्या व्हरांड्यातल्या एका फळीवर ठेवायचा. यजमानांनी नियम घातला होता. माणूस खाली, तर जोडा फळीवर. वर आला की हात धुण्याआधी जोडा उचलायचा. गोळीबाराचा हुकूम देण्याआधी साहेब फळीवर नजर टाकायचे. फळी रिकामी, मैदान रिकामं. सरकारी नियमात टेलिफोन होता, सायरन होता, खंदकाच्या खांबावरचं निशाण होतं, पण फळीचा उल्लेख कुठेच नव्हता. जेवायला वाढण्याआधी आई एकदा सगळ्यांवरून नजर फिरवते, तशातली ती गोष्ट होती. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांचा भरवसा टेलिफोनपेक्षा फळीवरच जास्त होता.

आता भाऊजींची गोष्ट. उमर खंदकात गेली. गोळी डोक्यावरून जाताना नुसती जात नाही, कानाशी कोरडी टाळी वाजवून जाते. आधी त्यांचा डावा कान गेला, मग हळूहळू उजवाही. वहिनींच्या लक्षात आलं ते असं, की भाऊजी समोरून सगळं बोलायचे आणि मागून हाक मारली की ढिम्म. ते ओठांवरून बोलणं ओळखायला शिकले होते. गर्दीत स्वतःच बडबड करायचे, म्हणजे दुसऱ्याला विचारायची संधीच मिळू नये. लोक म्हणायचे, मुकादम फार बोलतो.

एकदा वहिनींनी घरी त्यांना धरलं. भाऊजींनी आधी उडवाउडवी केली, मग खालमानेने कबूल केलं.

"पेन्शनला थोडके दिवस राहिलेत, वहिनी. कान तपासले तर खंदकातून काढतील. क्वार्टर जाईल. पोरींचं शिक्षण अर्ध्यात आहे."

"अहो पण सायरन झाला तर?"

"माझी माणसं असतात ना बरोबर. तुम्ही फक्त बोलू नका. देवासमोर हात ठेवा."

वहिनींनी देवासमोर हात ठेवला. त्या रोज पहाटे उठून देवाचं करणाऱ्या. शपथ त्यांनी आयुष्यात कधी हलक्याने घेतली नव्हती. त्या दिवसापासून पूजेला बसल्या की स्तोत्र मध्येच अडकायचं. सायरन झाला की त्यांचा हात खळीत थांबायचा आणि मनात यायचं, कुणीतरी खांद्याला हात लावून सांगितलं असेल ना त्यांना? मग लांबून टार्गेट हलताना दिसायचं आणि चमचा पुन्हा फिरू लागायचा.

अशात सरकारने एका मित्रदेशाशी करार केला. त्यांचे जवान इथे येऊन राहणार, इथल्या मैदानावर शिकणार. त्यांचा देश चिमुकला. पेंटर म्हणायचा, "त्यांच्याकडे गोळी सोडली की ती पासपोर्ट घेऊन सोडावी लागते." गावात दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. कुणी म्हणे, दोस्ती असावी तर अशी. कुणी म्हणे, अंगण आपलं आणि धिंगाणा लोकांचा. वहिनींना मात्र वेगळीच धास्ती पडली. नवी माणसं म्हणजे नवे डोळे. त्यांचा डॉक्टर आला आणि सगळ्यांना ओळीत उभं करून तपासलं तर?

झालं उलटंच. पाहुण्यांची भाषा इथे कुणाला येत नव्हती आणि इथली त्यांना. एक दुभाषी होता, तो साहेबांच्या मागे. बाकी सगळा कारभार हातवाऱ्यांवर. पेंटर हातवारे करी, ट्रॅक्टरवाला हातवारे करी, खुद्द रेंजसाहेब बोटं नाचवत. सगळी रेंजच मुकी झाल्यावर भाऊजींचं बहिरेपण कुणाच्या लक्षात येणार? उलट सगळ्यांत आधी त्यांनाच कळायचं समोरचा काय म्हणतोय ते. तोंडाकडे बघायची सवय वर्षांची. पाहुण्यांचे उंच, कृश साहेब दुभाष्याला म्हणाले म्हणे, तुमचा मुकादम हुशार आहे, आमची भाषा न शिकता समजते त्याला.

भाऊजी खुलले. इतक्या वर्षांत वहिनींनी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांची गट्टी जमली ती पाहुण्यांच्या एका हवालदाराशी. जाडजूड, भरघोस मिशांचा माणूस. त्याच्या पलटणीतली पायताणं तोच सांधायचा. आरी, दोरा, मेणाचा गोळा कायम खिशात. दुपारी दोघं शेडच्या सावलीत बसायचे, एकमेकांना घरच्यांचे फोटो दाखवायचे आणि आपापल्या भाषेत मनसोक्त बोलायचे. एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला पहिल्याचं कळत नव्हतं. पेंटर म्हणायचा, "असं लग्न जमलं तर संसारात भांडण नाही."

वहिनी हसायच्या. पण मनातून धास्ती गेली नव्हती. काहीतरी निसटतंय, असं त्यांना वाटत राहायचं, आणि बोट ठेवता यायचं नाही.

तो दिवस असा उजाडला, की दोन्ही देशांची मोठी माणसं रेंज बघायला येणार होती. करार पुढे वाढवायचा की नाही, ते त्यांच्या बघण्यावर ठरणार होतं. सकाळपासून झाडलोट. व्हरांडा धुतला. सकाळच्या गोळीबाराला खंदकात माणसांची गरज होती. दुपारी मात्र बांधावर लोखंडी पाट्या लावून त्यांवर नेम धरायचा होता. त्या पाट्या गोळी लागली की आपोआप पडतात आणि पुन्हा उभ्या राहतात, खंदकात माणूस लागत नाही. म्हणजे जेवायच्या सुटीत सगळ्यांनी वर यायचं आणि मैदान रिकामं करायचं.

ट्रॅक्टर माणसं घेऊन आला. गमबूट काढले, हसत-खिदळत ज्याने त्याने आपला जोडा उचलला. पेंटरने फळीकडे पाहिलं. फळी रिकामी. भाऊजी ट्रॅक्टरवर नव्हते, पण त्याआधी पाण्याची गाडी येऊन गेली होती. पेंटरच्या मनाने हिशेब जुळवला की मुकादम त्या गाडीने पुढे आला असणार.

रेंजसाहेब मोठ्या माणसांना आणायला फाटकावर गेले होते. शेडवर उंच साहेबांचा ताबा होता. दुभाष्याने विचारलं, "सगळे आले का?" पेंटरने मान डोलावली. "आले."

वहिनी खोलीत दिरासाठी डबा उघडून बसल्या होत्या. दीर रोज त्यांच्याकडेच जेवायचा. त्या दाराशी आल्या. फळी रिकामी दिसली, म्हणजे भाऊजी आलेत. मग गेले कुठे? हात धुवायला गेले असतील. थोडा वेळ गेला. बाहेर सायरन झाला. लांबलचक. वहिनींनी सवयीने कानोसा घेतला आणि स्वतःशीच म्हणाल्या, आज काय भ्यायचं, ते तर वर आहेत.

मिशीवाल्याबरोबर बसले असतील म्हणून त्या शेडच्या मागे गेल्या.

मिशीवाला एकटाच होता. उकिडवा बसला होता, मांडीवर फडकं, फडक्यावर बूट. तपकिरी, टाचेशी झिजलेला, उजवीकडे तळ उकललेला. दुसरा बूट शेजारी, दुरुस्त होऊन, पुसूनबिसून चकचकीत. वहिनींनी तो जोडा ओळखला. भाऊजींचा होता. त्यांच्याच हाताने त्यांनी तो कितीदा दाराबाहेर ठेवला होता.

मिशीवाल्याने मान वर करून दात दाखवले. सुई वर धरली, बूट वर धरला आणि खुणेने सांगितलं, त्याला सांगू नका, तो येईल तेव्हा बघेल. फळीवर उकललेला तळ त्याला रोज दिसत होता. आज मोठी माणसं येणार, दोस्ताने फाटक्या बुटात का उभं राहावं, एवढाच त्याचा साधा विचार. फळी म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? ती कुठे लिहिलेली नव्हती.

 वहिनी धावल्या. पन्नाशीच्या पुढची बाई, हातात वाढायचा चमचा तसाच.

शेडमध्ये जवान पालथे झोपले होते, बंदुका खांद्याला. मागे खुर्च्यांवर मोठी माणसं येऊन बसत होती. रेंजसाहेब त्यांना काही दाखवत होते. उंच साहेब हातात छोटा लाल झेंडा घेऊन उभे होते. तो खाली आला की गोळीबार सुरू.

"थांबवा," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी खाली आहेत."

दुभाष्याने सांगितलं. उंच साहेबांनी झेंडा खाली आणला नाही. त्यांनी पेंटरकडे पाहिलं.

"मुकादम? तो तर पाण्याच्या गाडीने आला," पेंटर म्हणाला.

"तू पाहिलंस?"

"पाहिलं म्हणजे... फळी रिकामी आहे, वहिनी. तुम्हीच बघा."

"त्यांचे बूट शिवायला नेलेत. मागे आहेत."

रेंजसाहेब जवळ आले होते. त्यांचा चेहरा ताणलेला. मागे खुर्च्यांवरून कुणीतरी वाकून बघत होतं. रेंजसाहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली. बांध, पाट्या, वाळूच्या पोत्यांची रास, कुठेच हालचाल नाही. खंदकाचा टेलिफोन वाजवला. पलीकडे घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

उंच साहेब दुभाष्याला शांतपणे काही बोलले. दुभाष्याने वहिनींना सांगितलं, "साहेब म्हणतात, आपण पुन्हा सायरन वाजवू. खाली कुणी असेल तर तो निशाण वर करेल. दोन्ही देशांचा नियम तोच आहे."

पुन्हा सायरन झाला. पहिल्यापेक्षा जास्त लांबला. सगळ्यांच्या नजरा खंदकाच्या खांबाकडे. खांब नुसता उभा. निशाण वर गेलं नाही.

"नाही कुणी," रेंजसाहेबांनी श्वास सोडला. "वहिनी, तो कँटीनला गेला असेल. गमबुटातच गेला असेल, बूट मिळाले नाहीत म्हणून. मी माणूस पाठवतो तिकडे. तुम्ही बसा."

त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं. फोन झाला, सायरन दोनदा झाला, दुर्बीण लावून झाली. शहाण्या माणसाने करायचं ते सगळं करून झालं होतं. फक्त एक गोष्ट तिथे कुणाला माहीत नव्हती, आणि ती ज्या एका बाईला माहीत होती तिने देवासमोर हात ठेवला होता.

वहिनींच्या डोळ्यांपुढे काय काय आलं. धाकट्या जावेचं तोंड, पोरींची पुस्तकं, क्वार्टरच्या दाराला नुकताच दिलेला निळा रंग. भाऊजी खरंच कँटीनला असले तर? मग शपथही मोडली, संसारही मोडला, आणि उगीच. उंच साहेबांनी झेंडा पुन्हा सरळ धरला. झोपलेल्या जवानांपैकी एकाने कोपर नीट रोवलं.

"साहेब," वहिनी म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "त्यांना सायरन ऐकू येत नाही. कुठलाच सायरन ऐकू येत नाही. फोनही नाही. कान गेलेत त्यांचे. केव्हाच गेलेत."

 पेंटरच्या हातातला रंगाचा डबा तिरका झाला. दुभाष्याने भाषांतर केलं तेव्हा तो कुजबुजला, जसं काही हे मोठ्याने सांगण्यासारखं नाही.

उंच साहेबांनी झेंडा काखेत दाबला. एक हुकूम दिला, आणि सगळ्या जवानांनी बंदुका रिकाम्या करून बाजूला ठेवल्या. ते स्वतः ओळीवरून वाकत वाकत गेले, प्रत्येक बंदूक उघडून आत बोट घालून बघितलं. मग ट्रॅक्टरची वाट न बघता मैदानात चालू लागले. मिशीवाला एव्हाना पुढे आला होता. एका हातात बूट, सुई त्याला लटकलेली. काय झालं ते कुणीतरी त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. तो बूट टाकून साहेबांच्या मागे पळाला.

वहिनी शेडच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. देवाचं नाव घ्यायला गेल्या तर शब्द सापडेना. शपथ मोडून वर त्याच्याकडे काय मागायचं? त्या नुसत्या बघत राहिल्या. ती दोन माणसं लहान होत गेली. बांधाशी पोचली. पोत्यांच्या राशीमागे दिसेनाशी झाली. मैदानावर वारा होता, पाट्यांवर ऊन होतं.

मग पोत्यांमागून तीन माणसं बाहेर आली. मधला गमबुटात होता आणि दोन्ही हातांनी काहीतरी जोरजोरात समजावत होता.

भाऊजी लोखंडी पाट्यांच्या अगदी पायथ्याशी बसले होते. सकाळच्या माऱ्याने पोती फाटली होती, मोठी माणसं येणार म्हणून नीट रचून ठेवत होते. पाठ शेडकडे. अजून थोडी रास लागली की वरचं पोतं चढवायला पाट्यांसमोर उभे राहणार होते.

त्यानंतरचं सगळं कुणाला सुखाचं गेलं नाही. पाहुण्यांचा कार्यक्रम उशिरा का होईना पार पडला. पण संध्याकाळी रेंजसाहेबांनी वहिनींना समोर उभं केलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "आज माझ्या हातून माणूस मेला असता, वहिनी. त्यांच्याही हातून. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही रोज मला खळ देत होता."

वहिनींनी मान खाली घातली. साहेबांचं बरोबर होतं.

"आणि मीही," साहेब म्हणाले, "फळी बघून निम्मे फोन करायचे सोडले होते."

दुसऱ्या दिवशी ती फळी काढली. तिच्या जागी पाहुण्यांच्या पद्धतीचा खुंट्यांचा तक्ता आला. खाली जाणाऱ्याने आपल्या नावाचा पितळी बिल्ला घेऊन जायचा, वर आल्यावर स्वतःच्या हाताने टांगायचा, आणि दोन्ही देशांच्या साहेबांनी मिळून तो मोजायचा. मिशीवाला त्या तक्त्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला म्हणे. त्याला त्याच्या साहेबांनी काही बोल लावला नाही, पण तो पुढे कितीतरी दिवस कुणाच्या पायताणाला हात लावेना.

भाऊजींना लष्करी दवाखान्यात नेलं. कान तपासले. कागद वर गेले. खंदकातून नाव कमी झालं. क्वार्टरचं काय, पेन्शनचं काय, याचं उत्तर यायचं होतं.

भाऊजी वहिनींशी बोलेनात. घरी यायचे बंद झाले. एकदा धाकटी जाऊ तेवढी आली, उंबऱ्यातच उभी राहिली.

"जाऊबाई, तुम्ही एवढ्या देवाला मानणाऱ्या. शपथ मोडलीत ती मोडलीत, चारचौघांत मोडलीत. नुसतं थांबवा म्हणून आरडाओरडा करायचा होता. आडवं पडायचं होतं."

"सुचलं नाही गं."

"त्यांची मान खाली झाली सगळ्यांसमोर. ते म्हणतात, मला काही झालं नसतं, मी वाकूनच होतो."

"असेल," वहिनी म्हणाल्या. "पण ते चारचौघं बंदुका घेऊन झोपले होते. मला तेवढंच दिसत होतं."

 धाकटीने पदराने डोळे पुसले आणि ती वळली. जाताना तिने उंबऱ्यावरची वहिनींची चप्पल नीट जुळवून ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वहिनी पूजेला बसायच्या. देवाला त्यांनी क्षमा मागितली नाही. मागावीशी वाटली नाही. एवढंच म्हणाल्या, तू सगळं पाहिलंस, आता मी वेगळं काय सांगू. स्तोत्र मात्र आता अडकत नव्हतं. स्तोत्राला अडवणारा तो खडा जाऊन दुसरंच काहीतरी जड येऊन बसलं होतं, आणि त्याच्यासकटच त्या उठून कामाला लागत.

मग एके सकाळी खळीच्या खोलीचं दार लोटून भाऊजी आत आले. उत्तर येईपर्यंत बसून करायचं काम द्यावं, असं वरून आलं होतं, आणि रेंजवर बसून करायचं काम एकच. त्यांनी वहिनींकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातलं एक टार्गेट ओढलं, पाठ करून बसले आणि ब्रश घेऊन भोकांवर कागद चिकटवायला लागले. खळ जास्त घेत होते. कागद ओघळत होता.

"भाऊजी, खळ निपटून घ्या," वहिनी सवयीने मागून म्हणाल्या.

उत्तर नाही. इतकी वर्षं झाली, तरी मागून हाक मारायची सवय जात नव्हती. त्या उठल्या, वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"ब्रश भांड्याच्या काठाला निपटून घ्या. मग ओघळत नाही."

भाऊजींनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. ब्रश काठाला लावला. निपटला. मग तसाच हातात धरून बसले.

"सायरन किती वेळा झाला होता?"

"दोनदा."

"दुसरा मोठा होता म्हणतात."

"फार मोठा. गावातली कुत्री रडली त्या आवाजाला."

भाऊजींनी ब्रश भांड्यावर आडवा ठेवला. 

"मला काहीच आलं नाही हो, वहिनी," ते म्हणाले. "घरी हिला मी सांगितलं, थोडं थोडं ऐकू आलं होतं, मी उठणारच होतो. खोटं आहे ते. पाखरू उडाल्याएवढंही आलं नाही. मी पोती रचत होतो आणि माझ्या मनात चाललं होतं, आज काय छान शांत आहे."

 वहिनींनी खळीचं भांडं दोघांच्या मध्ये सरकवलं आणि दुसरा ब्रश घेतला.

"क्वार्टरचं काही कळलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"क्वार्टर."

"वहिनी, मोठ्याने बोला की. आता कुणापासून लपवायचंय?"

वहिनींनी दाराकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि शेडच्या पार टोकापर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं, "क्वार्टरचं काय झालं?"

"अजून नाही कळलं," भाऊजीही तेवढ्याच मोठ्याने म्हणाले.

बाहेरून पेंटरने डोकं आत घातलं. "काय हो, सकाळी सकाळी भांडताय का?"

"नाही रे," वहिनी म्हणाल्या. "बोलतोय."